मार्गशीर्षातला मध

ते साल दोन हजार पाच. त्या वर्षी मद्रासेत पाऊस दिवाळीच्या आधी आला, तो मार्गशीर्ष लागला तरी हलायचं नाव घेईना. गावाचं नाव चेन्नई होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कनकाच्या तोंडी मद्रासच होतं. वेलचेरीला तिच्या थोरल्या मुलाचा, सुधींद्रचा, तळमजल्यावर फ्लॅट. तिथं पाणी आधी जिन्याशी आलं, मग शेजाऱ्यांच्या उंबऱ्याशी, आणि एका सकाळी सुधींद्रनं पलंगावरून पाय खाली टाकला तो पाण्यातच पडला. कोळ्यांच्या बोटीतून माणसं बाहेर काढली गेली. सुधींद्र, त्याची बायको रत्नप्रभा आणि दोन मुलं असे चौघंजण एक सुटकेस आणि मिक्सर घेऊन अण्णा नगरला कनकाच्या दारात येऊन उभे राहिले. मिक्सर कशाला उचलला, ते रत्नप्रभाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

अशा भरल्या घरात कनकाच्या नवऱ्याचं, चंद्रमौळींचं, श्राद्ध आलं. ते जाऊन तीन वर्षं होत होती. श्राद्धासाठी धाकटा श्रीवत्स बंगळूरहून आला, तांबरमहून मुलगी श्रीविद्या आली. पुढच्या खोलीत दोरीवर ओली धोतरं, स्वयंपाकघरात श्राद्धाच्या चुलीसाठी आणलेली ओली मोळी, आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला मधमाश्यांची पेटी.

पेटी चंद्रमौळींची. बंदराच्या कचेरीत आयुष्य काढलेला माणूस. संध्याकाळी जॉर्ज टाउनच्या गोंगाटातून घरी आला की आधी अंगणात जायचा. एके काळी पाच पेट्या होत्या. एक्क्याण्णव-ब्याण्णव साली माश्यांच्या पिल्लांना मारणारी साथ आली. पोळ्यातल्या घरांतच अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरायच्या. दक्षिणेतल्या हजारो पेट्या रिकाम्या झाल्या, त्यांत या पाचही गेल्या. चंद्रमौळींनी चार पेट्या जाळल्या आणि एक उन्हात वाळवून ठेवली. काही वर्षांनी फाल्गुनात एक थवा आपणहून तिच्यात येऊन राहिला. 'उपाशी घरात आजार आधी शिरतो,' असं ते म्हणायचे, आणि पावसाळा लागला की साखरेचा पाक करवंटीत घालून, त्यात माश्या बुडू नयेत म्हणून काड्या टाकून, पेटीत ठेवायचे.

ते गेल्यावर ते काम कनकाकडे आलं. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीचे चारी पाय पाण्याच्या वाडग्यांत असत. त्या वाडग्यांत पाणी घालणं, पाक ठेवणं आणि सकाळी पेटीची मागची कड एका हातानं किंचित उचलून पाहणं. कड जड लागली की घरात अन्न आहे. हलकी लागली की नाही. एवढंच तिला ठाऊक होतं.

पण दोन वर्षं एक गोष्ट घडत होती. श्राद्ध झालं की पौषात पेटी रिकामी व्हायची. माश्या मेलेल्या नसत, निघून गेलेल्या असत. मागं उरलेल्या पोळ्यात मेणकिड्याची जाळी. लोक म्हणत, मालक गेला की माश्या राहत नाहीत. कनकाही तेच म्हणायची. फाल्गुनात नवा थवा यायचा, ती पुन्हा वाडगे भरायची. श्राद्धाच्या सकाळी सुधींद्र ओलेत्यानं अंगणात जाऊन पोळ्याचा तुकडा कापायचा आणि पिंडाला तो ताजा मध लागायचा. अप्पा, म्हणजे चंद्रमौळी, त्यांच्या अप्पांच्या श्राद्धाला अगदी असंच करायचे.

या वर्षी मात्र कनकाच्या मनानं काहीतरी घेतलं होतं. आदल्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, सुधींद्र म्हणाला, "अम्मा, उद्या पहाटे धुरासाठी नारळाची शेंडी कोरडी ठेव. पाऊस नसला तर लवकर उरकतो."

कनका कच्ची केळी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "या वर्षी पेटीस हात लावूं नको, कण्णा." थोरल्याला ती लाडानं अजून कण्णाच म्हणायची.

"म्हणजे?"

"म्हणजे मध काढूं नको. पेटी हलकी आहे."

श्रीवत्स वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "दुकानातून बाटली आणू. कोपऱ्यावर मिळते. लेबलवर माशीचं चित्रही असतं."

"बाटलीत काकवी असते," सुधींद्र म्हणाला. "अप्पांच्या पिंडाला काकवी घालू? ज्यांनी आयुष्यभर माश्या पाळल्या त्यांच्या?"

"अण्णा, अम्मा नको म्हणतेय तर राहू दे की," श्रीविद्या म्हणाली. ती आईच्या शेजारी पाय पसरून बसली होती आणि केळ्यांची सालं एकीकडे करत होती. "वैशाखातला मध आहे ना घरात. अम्मा दर वर्षी देवामागं एक बाटली ठेवते. तोच घ्या. तोही अप्पांच्याच पेटीचा."

"हो, ते चालेल," सुधींद्र म्हणाला. त्याचा आवाज सैल झाला. "आण अम्मा, बघू किती आहे."

परडीतली केळी संपली होती, तरी कनकाचा हात तीत काहीतरी शोधत होता.

"अम्मा?"

"नाही तो मध."

"संपला?"

"माश्यांस घातला."

वर्तमानपत्र खाली आलं. रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारात कपडा पिळत उभी होती, तीही थांबली.

"दिवाळीच्या सुमारास," कनका म्हणाली. "रस्त्यावर पाणी, दुकानें बंद, साखर संपलेली. माश्या दाराशी येऊन नुसत्या बसत. उडत नसत. एक पडली की दुसरी तिला ओढूनही टाकीना. काय करूं? बाटली होती. करवंटीत ओतून पेटीत ठेविली. दोन दिवसांत पुसून काढिली त्यांनी."

श्रीविद्यानं हातातली सालं परडीत टाकली आणि उठून उभी राहिली. "देवामागचा मध?"

"त्यांचाच होता."

"अप्पांचा होता," श्रीविद्या म्हणाली. आईच्या बाजूनं बोलणारी मुलगी एका क्षणात भावाच्या बाजूची झाली, हे कनकानं पाहिलं. "मी माझ्या वाटणीची बाटली सासूबाईंच्या खोकल्याला संपवली तर तू मला किती बोललीस. अप्पांच्या हातची पेटी, म्हणून जपून वापर म्हणालीस. आणि तू करवंटीत ओतलास?"

"माझी बाटली फडताळाच्या खालच्या कप्प्यात होती," सुधींद्र म्हणाला. "ती आता अड्यार नदीच्या वाटेनं समुद्रात गेली असेल."

"माझी बंगळूरच्या मित्रांनी ब्रेडला लावून संपवली," श्रीवत्स म्हणाला. "म्हणजे आता पेटीच राहिली." आणि मग आईकडे बघून, जरा अपराधी आवाजात, "थोडासाच काढला तर? पिंडाला लागतो किती, चमचाभर. त्यांना कळणारही नाही."

"कळेल," कनका म्हणाली.

सुधींद्र तिच्यासमोर येऊन बसला. त्याचे पाय अजून पाण्यानं पांढरे पडलेले होते, बोटांच्या बेचक्यांत मलम. "अम्मा, ऐक. घरात पाणी शिरलं तेव्हा मी काय केलं? काही नाही. पलंगावर उभा राहिलो. पोरांची पुस्तकं, हिच्या साड्या, सगळं डोळ्यांसमोर भिजलं. या वर्षी एक गोष्ट तरी मला नीट करू दे. अप्पा जशी करायचे तशी."

कनका परडी घेऊन आत गेली.

स्वयंपाकघरात रत्नप्रभा तिच्या मागोमाग आली. ती साताऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा या घरातली, पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेली मराठी ऐकून तिला पोथी वाचल्यासारखं वाटायचं, आणि तिची मराठी ऐकून या घराला रेडिओ ऐकल्यासारखं. इतक्या वर्षांत दोघींचं बोलणं बहुतेक मीठ-मसाल्यापुरतं होतं. आज ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आई, खरं सांगा. मध काढला तर माश्या जातील, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतें. ठाऊक नाही."

"मग आधीच्या दोन्ही वर्षी तुम्ही कुठं अडवलंत?"

"तेव्हां मला वाटायचें की हे गेले म्हणून त्या जातात." कनकानं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. धूर डोळ्यांत गेला. "या वर्षी रोज उठून पेटी उचलून पाहतें. पावसांत बाहेर फूल नाही. शेवगा झडला, करंज चैत्राआधीं फुलत नाही, कडुलिंब त्याहून पुढें. आंत जें आहे तेंच खायचें. आणि आम्ही नेमका तेव्हां हात घालितों. पण तसें म्हटलें तर मग यांनी कसें केलें इतकीं वर्षें? हेही श्राद्धाच्या दिवशीं कापीतच होते की. ती साथ सोडली तर त्यांची पेटी कधीं रिकामी नाही झाली. म्हणून माझ्याच मनाचा विश्वास बसत नाही."

रत्नप्रभानं सासूच्या हातातली फुंकणी घेतली आणि स्वतः फुंकू लागली.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबलेला होता. ऊन म्हणावं असं नव्हतं, पण अंगणातली नारळाची झापं निथळून हलकी झाली होती. सुधींद्र डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या धोतरानं, एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात धुमसती शेंडी घेऊन अंगणात आला. कनका आधीच तिथं उभी होती. श्रीवत्स पायरीवर, श्रीविद्या दारात हाताची घडी घालून, आणि रत्नप्रभा वाटी घेऊन. मधाचीच वाटी.

"अम्मा, बाजूला हो," सुधींद्र म्हणाला. आवाजात राग नव्हता, विनवणी होती.

"होतें. आधी मागची कड उचलून पाहा."

"कशाला?"

"एका हातानें. मग हवें तें कर."

सुधींद्रनं सुरी कठड्यावर ठेवली, वाकून पेटीची कड धरली आणि उचलली. लहानपणी धूर धरायचं काम त्याचं, आणि त्या पेटीला हलवताना अप्पांची कंबर कशी धरायची, हे त्याला लख्ख आठवत होतं. त्यानं त्या बेतानंच जोर लावला. पेटी एकदम वर आली. पुढचे पाय वाडग्यांत खळकन वाजले, आतून एक दबका गुंजारव उठला. तो दचकला आणि त्यानं ती हळूच खाली ठेवली.

"अप्पांना दोन हात लागायचे," तो म्हणाला.

"वरची मधकोठी असायची ना तेव्हा," श्रीवत्स म्हणाला. "काठोकाठ. मी एकदा बोट घातलं होतं तर अप्पांनी..."

"तेव्हा म्हणजे कधी?" रत्नप्रभानं मध्येच विचारलं.

"आजोबांच्या श्राद्धाला. आम्ही सगळे इथंच असायचो. शाळेला सुट्टी."

"कसली सुट्टी?"

"कसली म्हणजे? मे महिना. आंबे असायचे. वांग्याची रसवांगी नको, आंबे द्या म्हणून अक्का रडायची."

"मी नाही, तू रडायचास," श्रीविद्या म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

रत्नप्रभानं वाटी दुसऱ्या हातात घेतली. तिनं कुणाला काही समजावून सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "म्हणजे आजोबांची तिथी वैशाखातली?"

"वैशाख वद्य," कनका म्हणाली. ती सासऱ्यांची तिथी इतकी वर्षं जगली होती, त्या दिवसाचा उकाडा, सोवळ्यात घामानं भिजलेली पाठ, आंब्याच्या कोयी, सगळं. पण मध आणि महिना या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. चंद्रमौळींनी श्राद्धाचा म्हणून मध कधी काढलाच नव्हता. काढायच्या दिवसांतच श्राद्ध येत होतं.

"उघड," ती सुधींद्रला म्हणाली. "आतां उघडून पाहा. फार वेळ नको, पिल्लांस गारवा लागतो."

त्यानं झाकण काढलं, थोडा धूर दिला आणि मधली चौकट वर घेतली. माश्या पोळ्याला गच्च धरून होत्या, एकमेकींना चिकटून. खालच्या बाजूला तपकिरी झाकणांची पिल्लं, निरोगी, एकसारखी. वर मधाची कड बोटभर रुंद. बाकी कोरडी भोकं. श्राद्धाला तो दोन्ही वर्षी नेमकी हीच कड कापत आला होता. ती मऊ असते, झाकलेली असते, सुबक निघते.

"हे काय आहे एवढंसं?" श्रीविद्या पायरी उतरून जवळ आली होती.

"त्यांचें महिन्याचें जेवण," कनका म्हणाली. "हें गेलें तर ही सातेरी जातीची माशी उपास काढीत बसत नाही. पिल्लें टाकून उठते."

सुधींद्रनं चौकट होती तशी खाली सोडली. झाकण नीट बसवलं. "म्हणजे दोन्ही वर्षी मीच घालवल्या."

"सुरी मी दिली होती धुवून," कनका म्हणाली. "दोन्ही वर्षी. चल, धोतर अंगावर वाळतें आहे, सर्दी होईल."

"आणि पिंडाला?" श्रीविद्यानं विचारलं. आता तिच्या आवाजातला टणकपणा गेला होता, नुसती काळजी उरली होती.

त्याचं उत्तर घरचे भटजी रामस्वामी वाध्यार यांच्यावर होतं. ते छत्री झटकत आले ते थेट नाक वर करूनच. तीन पिढ्यांचं उपाध्येपण, आणि या घरच्या मधावर त्यांचा जीव. "मागच्या वर्षीचा काय वास होता, अजून आठवतो," चपला काढत ते म्हणाले. "काढला का?"

"या वर्षी गूळ," सुधींद्र म्हणाला.

"गूळ? घरात पेटी असताना गूळ?"

"पेटी घरात राहावी म्हणूनच."

वाध्यारांनी कनकाकडे पाहिलं, मग सुधींद्रकडे, मग अंगणाकडे. बराच वेळ दर्भ सोडवत बसले. शेवटी म्हणाले, "मध नसेल तर गूळ, असं शास्त्रच आहे. शास्त्राची काही हरकत नाही. मला जरा वाईट वाटतंय, तेवढंच."

"तुम्हाला वैशाखात बाटली पोचवतो," श्रीवत्स म्हणाला.

"मग मलाही हरकत नाही. सरी, ठीक आहे, बसा."

मधाचा मंत्र वाध्यारांनी नेहमीच्याच ठसठशीत आवाजात म्हटला. सुधींद्रनं गुळाचा खडा पिंडावर ठेवला. रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. आत कनका वडे तळत होती, आणि तेलाच्या आवाजाखाली तिला अंगणातला आवाज ऐकू येतो आहे असं वाटत होतं. तसा तो येण्यासारखा नव्हता. पाऊस पुन्हा लागला होता.

पंगत उठल्यावर श्रीविद्या मोरीशी हात धूत असताना कनकाला म्हणाली, "अम्मा, साखर आहे का घरात?"

"आहे थोडी."

"सगळी लावू नकोस पायसाला. पाकाला ठेव." आणि मग, तोंड वळवून, "मी आणून देते अजून."

त्या माश्या राहिल्या. पौष गेला, संक्रांत गेली, पेटीच्या दाराशी ऊन आलं की त्या बाहेर येऊन बसू लागल्या. चैत्रात करंज इतका फुलला की अंगणातली फरशी दिसेना. वैशाखात सुधींद्र स्वतः येऊन मधकोठी उतरवून गेला. पहिली बाटली त्यानं देवामागं ठेवली आणि तिच्या गळ्याला दोरा बांधला, अप्पांच्या मार्गशीर्षासाठी. तो दोरा आजही दर वर्षी बांधला जातो. दुसरी बाटली वाध्यारांकडे गेली. पुढं त्यांना मधुमेह निघाला, तरी ते बाटली नेतच राहिले, बायकोसाठी म्हणून.

सुधींद्रनं वेलचेरीचा तळमजला सोडला, वेलचेरी नाही. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहू लागला. पुढं माश्या वाढून दुसरी पेटी झाली, ती श्रीविद्यानं तांबरमला नेली. तिच्या सासूबाईंनी माशी दिसली की दार लावून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती पेटी उन्हाळ्याआधीच परत आली. आईशी मात्र त्या दिवसानंतर तिनं मधाचा हिशेब कधी काढला नाही. श्रीवत्स बंगळूरलाच राहिला, लग्न उशिरा केलं. फोन केला की आधी माश्यांची चौकशी करायचा, मग आईची. कनका म्हणायची, बरोबरच आहे, मी काय उडून जाणार आहे.

रत्नप्रभा दर शनिवारी येऊ लागली. वाडगे भरायची, कड उचलून पाहायची. एका पावसाळ्यात तिनं सासूला सांगितलं, "आई, पेटी हलकी आहे, पाक ठेवितें," आणि आपल्या तोंडून काय निघालं ते कळून दोघी किती तरी वेळ हसत राहिल्या.

कनका दोन हजार नऊ साली गेली. वैशाखात, वद्य पक्षात, सासऱ्यांच्या तिथीच्या मागंपुढं. भर उन्हाळा, अंगणात कडुलिंबाचा मोहोर गळत होता. तेराव्याला श्रीवत्स म्हणाला, "अम्मानं महिना बघून घेतला."

पुढच्या वर्षी वैशाखात तिच्या श्राद्धाला सुधींद्र ओलेत्यानं अंगणात आला. रत्नप्रभानं वाटी धरली होती. त्यानं सुरी कठड्यावर ठेवली, वाकला आणि एका हातानं पेटीची कड उचलू लागला. ती हलली नाही. त्यानं दुसरा हात लावला. मग रत्नप्रभाकडे पाहून होकाराची मान हलवली, आणि शेंडीला फुंकर घातली.